आरएक्स-७ मध्ये ई८५: इंजेक्टर सांभाळायचे कसे

ई८५ (मुख्यतः इथेनॉल, बाकी पेट्रोल) भरलेली माझदा आरएक्स-७, म्हणजे पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या रोटरी इंजिनाची गाडी, पळत असते तोवर तिचे इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे) सहसा कुरकुर करत नाहीत. दुखणं सुरू होतं ती गॅरेजमध्ये तीन-चार आठवडे उभी राहिल्यावर. नवशिक्यांचं सगळं लक्ष मोठा पंप, मोठे इंजेक्टर आणि वाढलेल्या बूस्टकडे (टर्बोने दिलेल्या हवेच्या जादा दाबाकडे) असतं. इंधनासोबत गाडी वापरायची सवयही बदलावी लागते, हे बहुतेकांना पहिला इंजेक्टर अडकल्यावर कळतं. आणि रोटरीत अडकलेला इंजेक्टर म्हणजे बऱ्याचदा उघडलेलं इंजिन.

इथे गाडी धरली आहे तिसऱ्या पिढीची, म्हणजे १९९१ ते २००२ या काळातली एफडी. इंजिन १३बी-आरईडब्ल्यू, दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. टर्बो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) बदललेले आहेत असं समजतो, कारण कारखान्याच्या ईसीयूवर ई८५ चालत नाही. हॅलटेक, लिंक किंवा त्या तोडीचा, फ्लेक्स फ्युएल सेन्सर (इंधनातलं इथेनॉलचं प्रमाण मोजणारा) वाचणारा ईसीयू हवा.

इथेनॉल कशासाठी

पिस्टन इंजिन थोडंफार नॉकिंग (इंधनाचं अवेळी भडकणं) पचवतं. रोटरीत रोटरच्या तीन टोकांवर बसलेल्या एपेक्स सीलच्या पट्ट्यांना ते झेपत नाही. एक-दोन जोरदार ठोके बसले की सील तडकते, तुकडा हाउसिंगवर, म्हणजे रोटर फिरतो त्या कप्प्याच्या भिंतीवर, ओरखडे काढतो आणि बाहेर पडता पडता टर्बोचं टर्बाइनही खातो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, शिवाय वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या साधारण अडीच पट उष्णता शोषतं. त्यामुळे आत जाणारी हवा थंड राहते आणि नॉकिंगची हद्द लांब जाते. एफडीसारख्या मुळातच तापट गाडीला हे फार मानवतं.

बदल्यात इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, ई८५ ला सुमारे ९.८. घनता थोडी जास्त असल्याचा हिशेब धरूनही लिटरमध्ये साधारण ४० टक्के वाढ धरून चाला.

इंजेक्टर किती मोठे

रोटरीत एक्सेन्ट्रिक शाफ्टच्या (रोटरीच्या क्रँकशाफ्टच्या) प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरचं एक ज्वलन होतं. फोर-स्ट्रोक पिस्टनला दोन फेरे मिळतात. म्हणजे ८००० आरपीएमला इंजेक्टरच्या हातात फक्त ७.५ मिलिसेकंद असतात, त्यातलं साधारण एक मिलिसेकंद उघडण्यातच जातं. रोटरीला एवढे अवाढव्य इंजेक्टर का लागतात, त्याचं उत्तर इथे आहे.

हिशेब असा करा. टर्बो रोटरीला एका हॉर्सपॉवरमागे तासाला २७० ग्रॅम पेट्रोल धरा. क्रँकवर ४०० हॉर्सपॉवर हवी असेल तर १०८ किलो, म्हणजे साधारण १४६ लिटर तासाला, म्हणजेच मिनिटाला २४३० सीसी. ई८५ साठी गुणिले १.४, झाले ३४०० सीसी. इंजेक्टर मिळालेल्या वेळेच्या ८५ टक्क्यांहून जास्त उघडे ठेवायचे नाहीत, म्हणून भागिले ०.८५. चारही इंजेक्टरांची बेरीज ४००० सीसी हवी. एफडीचे मूळ इंजेक्टर दोन ५५० चे आणि दोन ८५० चे, बेरीज २८००. विषय संपला. ५०० हॉर्सपॉवरला हाच हिशेब ५००० च्या थोडा वर जातो. तिथे १००० चे दोन प्रायमरी (सतत चालणारे) आणि १७०० चे दोन सेकंडरी (भार वाढल्यावर उघडणारे) ही जोडी नीट बसते. सेकंडरीला टॉप फीड (वरून इंधन घेणारे) इंजेक्टर घालायचे तर रेलही (इंजेक्टरांना इंधन पुरवणारी नळी) नवी घ्यावी लागते, तो खर्च आधीच धरा.

विकत घेताना सीसीपेक्षा दोन गोष्टी जास्त विचारा. आतले भाग स्टेनलेसचे आहेत का, आणि विक्रेता डेड टाइमचा (सिग्नल मिळाल्यावर इंजेक्टर उघडायला लागणाऱ्या वेळेचा) तक्ता व्होल्टेज आणि प्रेशरनुसार देतो का. मुळात सीएनजीसाठी बनलेले मोठे इंजेक्टर स्वस्तात मिळतात. त्यांच्या आत ओलसर इथेनॉल थांबलं की गंज धरतो आणि सुई चिकटते. स्वस्तातला इंजेक्टर रोटरीत फार महाग पडतो.

पंप, वायर, पाइप

५०० हॉर्सपॉवरला ई८५ चे तासाला साधारण २५५ लिटर लागतात, आणि तेही ४.२ बारवर (बूस्ट नसतानाचं प्रेशर ३ बार, वर १.२ बार बूस्ट). पंपाच्या डब्यावरचा आकडा कमी प्रेशरचा असतो, म्हणून ई८५ साठी प्रमाणित केलेला ४५० लिटरचा पंप घ्या. असा पंप भाराखाली १५ ते २० अँपिअर ओढतो. एफडीची मूळ वायर बारीक आहे, त्यात कमी भाराला पंपाचा वेग उतरवणारा रेझिस्टर. बॅटरीपासून थेट १० गेजची वायर, ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ आणि रिले टाकीजवळ, असं जोडा. पंपाच्या कनेक्टरवर इंजिन चालू असताना १३ व्होल्टच्या खाली आकडा दिसला तर ट्यूनिंगला जाऊच नका.

पाइप आतून पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) हवेत. वरून स्टीलची जाळी आहे म्हणून आतलं रबर चांगलं असतंच असं नाही. साधं रबर इथेनॉलने फुगतं, मग त्याचे काळे कण सुटतात आणि थेट इंजेक्टरच्या गाळणीत जाऊन बसतात. ओ-रिंग व्हायटनच्या, अॅल्युमिनियमच्या रेल आणि फिटिंग अॅनोडाइझ केलेल्या. पंपाआधी १०० मायक्रॉनची स्टेनलेस जाळी, पंपानंतर १० मायक्रॉनचा, ई८५ ला चालणारा फिल्टर. कागदी फिल्टर नको.

इनटेक मॅनिफोल्ड काढलाच आहे तर मूळचा पल्सेशन डॅम्पर (आतल्या पडद्याने इंधनाच्या दाबातले हेलकावे शमवणारा) आणि त्याच्या आसपासचे रबरी पाइपचे तुकडे काढून फेका. पडदा फाटून किंवा उष्णतेने पाइप कडक होऊन इंजिनवर इंधन गळणं हे या गाड्यांचं जुनं दुखणं आहे. आग लागते ती इथूनच.

रेलवर प्रेशर सेन्सर बसवा आणि ईसीयूत फरकाचं प्रेशर, म्हणजे रेलमधलं वजा मॅनिफोल्डमधलं, सतत तपासायला लावा. हे ३ बारच्या जागी २.६ झालं की प्रवाह सात टक्क्यांनी घटतो, कारण प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो. तेवढ्यावर इंजिन बंद करायची आज्ञा दिलेली असली की पंप मेला तरी सील वाचते. ५०० हॉर्सपॉवरच्या गाडीवर या एका सेन्सरइतकी स्वस्त विमा पॉलिसी दुसरी नाही.

पंपावर ई८५ लिहिलंय म्हणून

अमेरिकेत ई८५ म्हणून विकल्या जाणाऱ्या इंधनात इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकतं. थंडीत गाड्या सुरू व्हाव्यात म्हणून हिवाळ्यात पेट्रोलचा वाटा वाढवतात. शिकागो किंवा मिनिआपोलिसकडच्या मराठी मंडळींना मक्याच्या पट्ट्यात राहण्याचा एवढा फायदा आहे की ई८५ चा पंप शोधत हिंडावं लागत नाही, पण जानेवारीत भरलेलं आणि जुलैत भरलेलं इंधन एकच समजू नये. महाराष्ट्रातल्या वाचकांचा नेहमीचा प्रश्न असतो ‘इथेनॉल १००’ बद्दल. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र धरून पाच राज्यांतल्या १८३ पंपांवर ते सुरू झालं. नावात शंभर असलं तरी त्यात इथेनॉल सुमारे ९३ टक्के, बाकी पेट्रोल आणि को-सॉल्व्हंट. ई८५ साठी केलेल्या मॅपवर ते आंधळेपणाने भरणं म्हणजे गाडी लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी इंधनावर, चालवणं.

म्हणून फ्लेक्स सेन्सर लागतो. रिटर्न लाइनमध्ये (टाकीकडे परतणाऱ्या पाइपात) बसवा. तीन वायरी: १२ व्होल्ट, अर्थ, सिग्नल. ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० म्हणजे शंभर. आकडा १५० च्या वर गेला तर आनंद मानू नका, इंधनात पाणी आहे किंवा सेन्सर गेला आहे.

सेन्सर खरं बोलतोय का ते बघायला शंभर मिलिची खुणांची काचेची नळी पुरते. ५० मिलि पाणी, त्यावर ५० मिलि इंधन, बूच लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं. खालचा थर ५० वरून ९० ला आला तर ४० भागिले ५०, म्हणजे ८० टक्के. पाणी आणि इथेनॉल मिसळताना घनफळ थोडं आक्रसतं, त्यामुळे खरा आकडा किंचित जास्तच असतो.

ट्यूनिंगचं फार लिहीत नाही, ते जाणत्याकडूनच करून घ्या. फक्त लॅम्ब्डात बोला, म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण. बूस्टमध्ये ०.७६ ते ०.८० हा सुरक्षित टापू. तुमचा गेज पेट्रोलच्या मापात असेल तर लॅम्ब्डा ०.७८ ला तो ११.५ दाखवेल, टाकीत काहीही असो. ‘ई८५ आहे म्हणून गेजवर ७.५ हवं’ असं कुणी सांगितलं तर दुसरा ट्यूनर शोधा. स्पार्क प्लग चारही ९ नंबरचे, बीयूआर९ईक्यू.

प्रीमिक्सची बरणी

मीटरिंग पंप इंजिन ऑइल थेंबथेंब हाउसिंगमध्ये सोडतो. त्याच्या जोडीला टाकीत टू-स्ट्रोक ऑइल घालणं, म्हणजे प्रीमिक्स, रोटरीवाल्यांत सर्रास आहे. मीटरिंग पंप चालू असेल तर लिटरला ४ ते ५ मिलि, काढून टाकला असेल तर ८ ते १०. चाळीस लिटरला ८ च्या हिशेबाने ३२० मिलि. जेएएसओ या जपानी मानकाच्या एफडी दर्जाचं, कमी राख आणि कमी धुराचं ऑइल घ्या. (त्याखालचा दर्जा एफसी. गाडीच्या तिसऱ्या (एफडी) आणि दुसऱ्या (एफसी) पिढीची नावं ऑइलच्या डब्यावर कशी आली, हा निव्वळ योगायोग.)

पेट्रोलमध्ये सुखाने विरघळणारं ऑइल इथेनॉलमध्ये विरघळेलच असं नाही. पुष्कळ खनिज ऑइलं वेगळी पडतात, आणि डब्यावर हे लिहिलेलं नसतं. म्हणून घरी बघा: स्वच्छ काचेच्या बरणीत तुमच्या पंपावरचं १०० मिलि ई८५, त्यात १ मिलि ऑइल, हलवून रात्रभर खिडकीत. सकाळी बरणी उजेडात तिरकी धरा. द्रव चहाच्या पाण्यासारखा पारदर्शक असेल तर ठीक. दुधाळ दिसला, किंवा तळाशी मधासारखी चकती सरकताना दिसली, तर हेच ऑइल टाकीच्या तळाशी बसणार, पंप ते एकदम ओढणार आणि इंजेक्टरच्या गाळणीत तपकिरी चिकट थर जमणार. दुसऱ्या ब्रँडचं आणा, पुन्हा बरणी लावा. थंडीत हीच बरणी एकदा फ्रिजमध्येही ठेवून बघा, कारण तापमान उतरलं की विरघळलेलं ऑइलही वेगळं पडतं.

सेकंडरी का अडकतात

आता मुख्य गोष्ट. एफडीचे प्रायमरी इंजेक्टर मधल्या आयर्नमध्ये (दोन रोटरांमधल्या लोखंडी भिंतीत) बसतात आणि आयडलपासून सतत चालतात. सेकंडरी इनटेक मॅनिफोल्डवर असतात, ते भार आणि आरपीएम वाढल्यावरच जागे होतात. तुम्ही ऑफिसला हळू जाऊन हळू परत आलात तर सेकंडरी दिवसभर उघडलेच नाहीत. त्यांच्या टोकाशी राहिलेल्या थेंबातलं इथेनॉल गरम मॅनिफोल्डवर उडून जातं, मागे ऑइल आणि पेट्रोलमधल्या अॅडिटिव्हचा डिंक उरतो. हवेतली ओल शोषलेलं इंधन आत थांबलं की सुईला गंज धरतो. मग शनिवारी तुम्ही पूर्ण थ्रॉटल देता, एका रोटरचा सेकंडरी पुरा उघडतो, दुसऱ्याचा ७० टक्केच. वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) दोन्ही रोटरांचा एकत्र धूर वाचतो, सरासरी बरी दिसते आणि लीन रोटरची सील जाते.

उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या ठिकाणी, सेकंडरी उघडतील इतक्या भाराखाली गाडी चालवा. नुसतं न्यूट्रलमध्ये रेस करून सेकंडरी नीट उघडत नाहीत, भार लागतो.

अडकायला लागलेला इंजेक्टर आधी खुणा देतो. स्टेजिंगच्या टप्प्यावर (सेकंडरी जागे होतात तेव्हा) पूर्वी नसलेला झटका. बंद करून तासाभराने सुरू करताना पेट्रोलचा वास आणि लांबलेलं क्रँकिंग, म्हणजे गळती. लॉगमध्ये शॉर्ट टर्म ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली तात्पुरती दुरुस्ती) हळूहळू वाढत जाणं. प्रत्येक रोटरला वेगळा एक्झॉस्ट तापमान सेन्सर असेल तर दोघांतला फरक सगळ्यात आधी बोलतो.

इंजेक्टर काढून साफ करणं

ई८५ वर वर्षातून एकदा, आणि पहिल्यांदा ई८५ सुरू केल्यावर दोन टाक्यांनंतर. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवतं, त्यामुळे पहिला फिल्टर लवकर भरतो, तो त्याच वेळी बदला.

१. पंपाचा रिले काढून इंजिन चालू ठेवा, प्रेशर संपून ते आपोआप बंद पडेल. मग बॅटरी सोडा. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. इथेनॉलची ज्योत दिवसा फिकट दिसते, आग लागल्याचं उशिरा कळतं.

२. वरचा इनटेक मॅनिफोल्ड काढा. त्याशिवाय प्रायमरीपर्यंत हात पोचत नाही. उघडी पोर्टं ताबडतोब टेपने बंद करा, चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत राहतात. इथे पडलेला एक वॉशर म्हणजे एक इंजिन.

३. इंजेक्टरवर मार्करने खूण करा: पुढचा प्रायमरी, मागचा प्रायमरी, तसंच सेकंडरी. नंतर दोष कुठल्या रोटरचा ते यावरूनच कळतं.

४. मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघा. हाय इम्पिडन्स असेल तर साधारण १२ ओहमच्या आसपास, आणि चौघांत अर्ध्या ओहमपेक्षा जास्त फरक नको.

५. वरची गाळणी हुक लावून ओढून काढा. ती परत वापरायची नसते. फेकण्याआधी पांढऱ्या कागदावर आपटून भिंगाखाली बघा, गाडीची सगळी कुंडली इथे मिळते. काळे मऊ कण म्हणजे पाइपचं रबर. तांबूस पूड म्हणजे टाकी किंवा रेल गंजतेय. पांढरट रवाळ पूड म्हणजे अॅनोडाइझ न केलेलं अॅल्युमिनियम. तपकिरी चिकट लगदा म्हणजे बरणीची परीक्षा तुम्ही चुकवली. कारण सापडल्याशिवाय साफ केलेले इंजेक्टर परत बसवलेत तर सहा महिन्यांनी हीच पानं पुन्हा उलटावी लागतील.

६. अल्ट्रासॉनिक साफसफाई २० ते ३० मिनिटं, इंजेक्टरला पल्स देत. नुसतं भांड्यात बुडवून ठेवल्याने बंद सुईमागची घाण निघत नाही. कनेक्टर द्रवाबाहेर ठेवा. त्यानंतर उलटा फ्लश.

७. फ्लो टेस्ट ३ बारवर. पूर्ण उघडा ठेवून, आणि दोन-अडीच मिलिसेकंदाच्या पल्सवर अशी दोन्ही. पुष्कळ दुकानं फक्त पहिली करतात. आयडल आणि हलक्या भाराला दुसरीच कामाची, तिचा आग्रह धरा. जोडीतल्या दोघांत फरक २ टक्क्यांच्या आत हवा, साफ करूनही ५ च्या वर राहिला तर जोडी बदला. ३ बारवर मिनिटभर एकही थेंब पडता कामा नये. ही टेस्ट घरी ई८५ वापरून करू नका, टेस्ट फ्लुइडच हवं.

८. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावून इंजेक्टर सरळ दाबून बसवा. सिलिकॉन ग्रीस नको, त्याने ऑक्सिजन सेन्सर मरतो. बसलेला इंजेक्टर हाताने थोडा फिरला पाहिजे. मॅनिफोल्ड लावण्याआधी पंप चालवून प्रत्येक सांध्यावर कोरड्या टिश्यूने बघा.

थंडीतली सुरुवात आणि फ्लडिंग

१० अंशांखाली इथेनॉलची वाफ नीट होत नाही, म्हणून क्रँकिंगचं इंधन वाढवावं लागतं, कधी पेट्रोलच्या दुप्पट. पण रोटरीत जास्त इंधन गेलं की हाउसिंगवरचा ऑइलचा पापुद्रा धुतला जातो, सील नीट बसत नाहीत, कॉम्प्रेशन पडतं आणि मग कितीही क्रँक करा, गाडी सुरू होत नाही. पाच सेकंदांच्या तीन प्रयत्नांत नाही झाली तर थांबा. इंजेक्टरचा फ्यूज काढा, लीडिंग प्लग (प्रत्येक रोटरच्या दोनपैकी खालचा) काढून सुकवा, प्लगच्या भोकातून प्रत्येक रोटरमध्ये ५ मिलि इंजिन ऑइल सोडा, दहा सेकंद क्रँक करा, मग सगळं लावून सुरू करा. धूर येईल, येऊ द्या. तरीही जड वाटली तर रोटरीच्या तीन बाजू वेगळ्या दाखवणाऱ्या टेस्टरवर कॉम्प्रेशन बघा. २५० आरपीएमला चौरस सेंटिमीटरला ६.० किलोच्या खाली, किंवा एकाच रोटरच्या बाजूंत १.५ पेक्षा जास्त फरक, म्हणजे इंजेक्टर साफ करून भागणार नाही.

न जळलेलं इथेनॉल आणि पाणी ऑइलमध्येही उतरतं. मीटरिंग पंप तेच पातळ ऑइल सीलना पाजतो, म्हणून ऑइल २५०० ते ३००० किलोमीटरला बदला. झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर त्याआधी. ई८५ ची गाडी पाच मिनिटांसाठी सुरू करून बंद करणं टाळा.

गाडी उभी करताना

महिन्याहून जास्त उभी राहणार असेल तर ई८५ काढा. टाकीत दहा-बारा लिटर शक्यतो इथेनॉलविरहित पेट्रोल घाला, प्रीमिक्ससह. वीस मिनिटं चालवा, फ्लेक्स सेन्सर १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत. याच फेरीत सेकंडरी उघडले पाहिजेत, नाहीतर त्यांच्यात जुनंच इथेनॉल राहील. बूस्ट मात्र पेट्रोलच्या मापातच, मॅप आपोआप उतरतोय ना ते आधी तपासून. ज्यांच्या ईसीयूत इंजेक्टर टेस्टची सोय आहे त्यांनी तिचा मोह टाळावा. बंद इंजिनात सेकंडरी उघडले की सगळं इंधन थेट पोर्टात जाऊन साचतं.

परत बाहेर काढताना ई८५ भरल्यावर सेन्सरचा आकडा हळूहळू चढत जातो. तो एका जागी स्थिर होईपर्यंत, साधारण पाच-दहा मिनिटं, बूस्टला हात लावू नका.